पागोळीचं पाणी

आमच्या कळमनुरीची काळी
पाय ठेवू देते, काढू देत नाही.
गेल्या साली माझी एक चप्पल तिनं ठेवून घेतली.
दुसरी मीच फेकली तिच्या अंगावर,
एकटी काय कामाची.

कोंबड्या अकरा, कोंबडा एक.
भादव्यात झड लागली की
खुराड्यापुढं नुसता गारा.
त्यांच्या नखांना मातीचे गोळे धरतात,
वाळले की गोट्यांसारखे टणक,
मग फरशीवर टक टक चालतात
उंच टाचांच्या पाहुणीसारख्या.
हसले मी.
ठिपकीला उचलून घेतलं तर
तळव्यात हरभऱ्याएवढी गाठ,
मधोमध काळा ठिपका.
हळदीचं तेल लावलं, चिंधी बांधली,
हसण्याचं तेवढं राहून गेलं.

पहिल्या वर्षी ट्रॉलीभर मुरूम टाकला.
दिवाळीपर्यंत काळीनं गिळला,
ढेकर पण दिला नाही.
दुसऱ्या वर्षी न्हाणीच्या जुन्या विटा फोडून टाकल्या.
त्याही गेल्या.
मग सोयाबीनचं भुसकट,
ते आठ दिवसांत आंबलं
आणि अंड्यांनाही वास यायला लागला.
वखारीतले गफूरभाई म्हणाले,
रंद्याचा भुसा न्या, कुरळा असतो तो.
करवतीचा नको, कोंबड्या शिंकत बसतील.
हे ट्रकवर, हैदराबादच्या फेऱ्या.
घरी आले की बूट दारातच काढतात,
चिखलाच्या कामातला त्यांचा वाटा तेवढा.

एका संध्याकाळी मी काहीच टाकलं नाही.
पोत्याची खोळ डोक्यावर घेतली
आणि उभी राहिले नुसती.
पाऊस माझ्या अंगणात पडतच नव्हता फारसा.
तो भागवतभाऊजींच्या पत्र्यावर पडत होता
आणि एकोणीस नाळींनी
भिंतीवरून माझ्याकडं उतरत होता.
मोजल्या मी. एकोणीस.

दोन वर्षं बोलणं नाही त्यांच्याशी.
वाटणीत भिंत वीतभर सरकली म्हणे,
कुणीकडं, ते दोघं भाऊ वेगवेगळं सांगतात.

गेले.
दारात उभं राहून म्हटलं,
भाऊजी, तुमचा पाऊस माझ्याकडं येतो.
ते टीव्हीकडं बघत राहिले.
जाऊबाईंनी चहा ठेवला,
साखर जास्त पडली होती.
पिऊन आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी हातोडीचा आवाज.
सहा इंची पाइप उभा चिरून
ते पत्र्याच्या कडेला बसवत होते,
शिडीवर, तोंडात खिळे धरून.
माझ्याकडं बघितलं नाही.
खिळ्यांमधूनच विचारलं,
ढाळ बघा जरा, बरोबर आहे का?
दोन वर्षांतलं पहिलं वाक्य.
मी म्हटलं, लिंबाकडच्या अंगाला
बोटभर खाली घ्या.
घेतलं त्यांनी.

मग भिंतीच्या कडेनं मी हातभर चर खणला.
चरात विटांचे तुकडे, वर अंगणभर मुरूम,
मुरमावर गफूरभाईंचा भुसा,
आणि दर शनिवारी फावड्यानं तो खालवर.
यंदा काळीनं काही गिळलं नाही.
ती तिच्या जागी, आम्ही आमच्या.
भाऊजींना अंडी द्यावीत तर ते माळकरी.
शेवग्याच्या शेंगा दिल्या,
जाऊबाईंनी पदरात घेतल्या.

चिखल अगदीच गेला म्हणणार नाही.
पाण्याच्या टोपल्याखाली
ताटाएवढा उरलाय अजून,
आणि ठिपकी, गाठ बरी झालेली ठिपकी,
सगळं कोरडं अंगण सोडून
तिथंच जाऊन उभी राहते
एक पाय वर घेऊन.
मी हाकलते. ती येते.

रात्री सर आली की आता पागोळी वाजत नाही.
पाणी पाइपातनं घरंगळत
लिंबाच्या आळ्याकडं जातं, पलीकडं.
मी झोपेतही ऐकत असते,
कुठं अडतंय का.